न घडलेल्या अनर्थाची नोंद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चाळीस वर्षे हिशेबाच्या वह्या सांभाळल्या, त्या नात्याने एका नोंदीविषयी बोलतो.

२०१२ साली माझ्या कन्येच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता इंग्लंडला गेलो होतो. जुळी होती. दोन्ही बाळांच्या हृदयाचे ठोके यंत्राच्या कागदावर दोन रेषांनी उमटत होते. तेथील प्रशिक्षित सुईणीच्या ध्यानी आले, की दोन्ही रेषा हुबेहूब सारख्या आहेत. म्हणजे एकाच बाळाचे ठोके दोनदा मोजले जात होते. दुसऱ्याची वार्ताच नव्हती! तिने तत्काळ सोनोग्राफीने दुसरे हृदय शोधले. दोन्ही नाती सुखरूप जन्मल्या. त्याच रात्री तिने हा प्रकार रीतसर लिहून दिला. मी कन्येस विचारले, "काही बिघडले नाही, मग लिहायचे कशाला?" ती म्हणाली, "पप्पा, उद्या शेजारच्या खाटेपाशी इतकी दक्ष बाई नसेल तर?"

पुढे मी या विषयाची माहिती घेतली. २००० साली सर लियाम डोनाल्डसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तेथील सरकारला अहवाल दिला. 'स्मरणशक्ती असलेली संस्था' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यातून २००३ साली इंग्लंड व वेल्ससाठी राष्ट्रीय नोंदव्यवस्था उभी राहिली. २०२४ साली तिची जागा नव्या व्यवस्थेने घेतली. हानी झालेल्या घटनांबरोबर थोडक्यात टळलेल्याही तेथे नोंदविल्या जातात. उद्देश शिकण्याचा, शिक्षेचा नव्हे.

जुळ्यांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी, कारण सारेच दुहेरी: दोन नमुने, दोन चिठ्ठ्या, अदलाबदलीचा संभव. दोघांची वार एकच आहे का, हे साधारण अकरा ते चौदा आठवड्यांत सोनोग्राफीने कळते. एकच असेल, तर शंभरांतील सुमारे दहा ते पंधरा गर्भारपणांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहू लागते. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास तपासणी करावी, असे तेथील मार्गदर्शक सूत्र आहे. वारेची ती एक नोंद राहिली, की पुढील साऱ्या तपासण्या चुकतात.

आता माझी कबुली. फार वर्षांपूर्वी एका गुमास्त्याने, "शेठ, तागा चुकीचा कापला," असे स्वतः येऊन सांगितले. मी त्याच्या पगारातून रक्कम कापली. त्यानंतर कित्येक वर्षे दुकानात कोणीच चूक सांगितली नाही. मी समजत होतो, चुका थांबल्या. वास्तविक सांगणे थांबले होते. म्हणूनच ज्या रुग्णालयात नोंदी अधिक, ते वाईट असे मानू नये. जेथे एकही नोंद नाही, तेथेच शंका घ्यावी.

आपल्या देशातही २०१८ साली रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला. आपण रुग्णालयांना यंत्रे देतो, खाटा देतो, वडिलांच्या नावाची पाटी लावतो. यापुढे देणगी देताना नम्रपणे दोन प्रश्न विचारू या: आपल्याकडे चुकांची वही आहे काय? आणि तीत लिहिणारा निर्भय आहे काय?

माझ्या नाती आज शाळेत जातात. त्या सुईणीचे नावही मला ठाऊक नाही. हे भाषण तिला अर्पण करतो.