तिखट जिभेचा कादंबरीकार

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या बाबतीत ती पाळणे वाचकांना फार जड गेले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी ते लंडनमध्ये वारले. सहा दिवसांनी त्यांना ८६ वर्षे पुरी झाली असती. बातमी आली आणि वाचकांच्या आठवणीही निघाल्या. कोणी त्यांच्या वाक्यांची तारीफ केली, कोणी त्यांनी केलेले अपमान मोजून दाखवले. सलमान रश्दी म्हणाले, आमचे जन्मभर कशावरही पटले नाही, पण आज थोरला भाऊ गेल्यासारखे वाटते.

या माणसाचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून गिरमिटावर त्रिनिदाद बेटात गेलेले. तिथे उसाचे मळे होते. वडील वर्तमानपत्राचे बातमीदार; गोष्टी लिहायचे. मुलाचे पहिले पुस्तक १९५७ साली निघाले, ते पाहायला वडील राहिले नव्हते. ते १९५३ सालीच गेले.

आपल्या लोकांना त्यांचा राग आला तो १९६४ सालच्या भारतावरील पुस्तकामुळे. आपण रोज पाहत होतो आणि तरी पाहत नव्हतो, अशी घाण त्यांनी उघड मांडली. मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी लेख लिहून उत्तर दिले. दोष त्यांनी नाकारले नाहीत. रागावले ते पाहणाऱ्याच्या नजरेवर. मला हे उत्तर योग्य वाटते. मात्र पुढे १९९० साली याच लेखकाचे भारतावरील नवे पुस्तक आले. त्याच्या आरंभी मुंबईच्या रस्त्यावर माणसांची लांबच लांब रांग आहे. तो आंबेडकर जयंतीचा दिवस. त्याच पुस्तकात नामदेव ढसाळ भेटतात. इथे नायपॉल बोलतात थोडे आणि ऐकतात पुष्कळ.

जीभ मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. कोणतीही लेखिका माझ्या तोडीची नाही, असे ते २०११ साली म्हणाले. आणि २००८ साली पॅट्रिक फ्रेंच यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र निघाले, त्यात पहिल्या पत्नीला दिलेल्या त्रासाची हकीकत आहे. ती त्यांनी स्वतःच सांगितली, छापूही दिली. धाडस म्हणा हवे तर. पण कबुलीने त्या बाईने भोगलेले काही कमी होत नाही.

मग अशा माणसाचे पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवावे काय? शिक्षक मंडळी हे विचारतील. माझे म्हणणे, १९६१ सालची ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ तेवढी काढून वाचा. लेखकाच्या वडिलांवरूनच घेतलेला हा मोहन बिस्वास. पाट्या रंगवता रंगवता एका मोठ्या घरचा जावई होतो आणि सासरच्या गोतावळ्यात अडकतो. सासूशी, मेहुण्यांशी त्याची सदा तणातणी. सगळ्यांना टोपणनावे ठेवतो! हसता हसता वाचणाऱ्याच्या पोटात कालवते. कारण त्याला हवे आहे एवढेच, की डोक्यावर आपले स्वतःचे छप्पर असावे. अखेर ते मिळते. दारे-खिडक्या धड लागत नाहीत, डोक्यावर कर्ज आहे, नोकरी गेलेली आहे. वयाच्या ४६ व्या वर्षी बिस्वास मरतो, पण स्वतःच्या घराचा मालक म्हणून.