ऑनलाइन दुकानात कराचा हिशोब कुठे चुकतो?



पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबाजींचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. विनोबांना गणिताची मोठी गोडी होती. आज आपणही थोडं गणित करणार आहोत, पण ते पापड-लोणच्याचं.

समजा, गागोद्यातल्या एका महिला बचत गटाने पोह्याचे पापड, आंब्याचं लोणचं आणि कडवे वाल विकायला मोबाइलवर ऑनलाइन दुकान काढलं. आठ दिवसांत पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, "ताई, बरणीवर किंमत २१० रुपये आणि बिल २२० रुपये ५० पैसे कसं?" ताई म्हणतात, "मशीनच चुकतंय." मंडळी, मशीन सहसा बेरीज चुकत नाही. आपण त्याला जे सांगून ठेवलं, त्याप्रमाणेच ते हिशोब करतं. चूक असते ती सांगण्यात. ती शोधायची असेल तर पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

पहिली गोष्ट, कर घेण्याचा आपल्याला अधिकार आहे का? पूर्वी विक्रीकर होता, २००५ साली व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारावरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यापुरती ही सवलत आहे. मात्र त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर नावनिशी क्रमांक घ्यावा लागतो. करपात्र माल परराज्यात पाठवायचा असेल, तर उलाढाल थोडी असली तरी नोंदणी हवी. स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या मालापुरती नोंदणीची सक्ती नाही. गटाने दुसऱ्याकडून घेतलेल्या मालाला ही सूट नाही, बरं का.

ज्याची नोंदणी नाही, त्याने बिलात कर लावायचाच नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यानेही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही. पण कित्येक ऑनलाइन दुकानांत कराचं बटण आधीपासून चालू असतं आणि आपल्या नकळत कर गोळा होत राहतो. कराच्या नावाने घेतलेला पैसा आपला नसतो. तो सरकारात भरावाच लागतो. म्हणून आधी हे बटण पाहावं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मालाचा दर वेगळा. सगळ्या दुकानाला एकच दर लावला की घोटाळा झालाच. पापडावर जीएसटी नाही. सुटे वाल, सुटे तांदूळ, सुटे पोहे यांवरही नाही. पण हेच जिन्नस २५ किलोपर्यंतच्या पाकिटात बांधून, लेबल लावून विकले, तर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे. लोणच्यावर पूर्वी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. दुकानात जुना दर तसाच राहिला असेल, तर पाहा काय होतं. २१० रुपयांच्या बरणीत खरा कर १० रुपये. जुन्या दराने मशीन २२ रुपये ५० पैसे काढतं. गिऱ्हाईक २१० च देतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण गटाचे बरणीमागे साडेबारा रुपये जातात. म्हणजे एकूण रक्कम बरोबर दिसली तरी आतला हिशोब पाहायला हवा.

तिसरी गोष्ट, किमतीत कर धरला आहे की वरून लावायचा आहे? बरणीवर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात. २१० मध्ये २०० रुपये माल आणि १० रुपये कर. दुकानात "किंमत करासह" अशी खूण केली नाही, तर मशीन २१० वर आणखी ५ टक्के, म्हणजे साडेदहा रुपये चढवतं. पुण्याच्या गिऱ्हाइकाचं दुखणं हेच होतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा कायद्याने गुन्हा आहे.

चौथी गोष्ट, माल कुठून कुठे जातो? माल पुण्याला गेला तर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के. सुरतेला किंवा बेळगावला गेला तर ५ टक्के एकत्रित कर, ज्याला आयजीएसटी म्हणतात. दुकानाच्या पत्त्यात महाराष्ट्र राज्य निवडलेलं नसेल, तर ही वाटणी चुकते. एकूण आकडा तोच राहतो, पण पैसा चुकीच्या खात्यावर जातो आणि विवरणपत्र भरताना डोकेदुखी होते.

पाचवी गोष्ट, पोचवण्याचा खर्च आणि सूट. लोणच्याबरोबर टपालाचे ४० रुपये घेतले, तर त्यावरही लोणच्याचाच दर लागतो. म्हणजे २४० वर कर १२ रुपये. टपाल करमुक्त ठेवलं, तर २ रुपये पुढे पदरचे भरावे लागतात. नुसते पापड पाठवले, तर टपालावरही कर नाही. बिलातच सूट दिली, तर ती आधी वजा करून मग कर काढावा: २०० वर १० टक्के सूट, उरले १८०, कर ९ रुपये.

आता तपासणी कशी करावी? तीन खोट्या मागण्या नोंदवून पाहाव्यात: नुसते पापड पुण्याला, लोणचं पुण्याला, आणि लोणचं सुरतेला. तिन्हींचा हिशोब आधी वहीत हाताने मांडावा, मग मशीनच्या बिलाशी ताडून पाहावा. जिथे आकडा जुळत नाही, तिथलीच एक सेटिंग बदलावी आणि पुन्हा पाहावं. एकदम चार खुणा बदलल्या, तर चूक कुठे होती ते कळत नाही. आधी गेलेली चुकीची बिलं कर सल्लागाराकडून क्रेडिट नोट काढून दुरुस्त करून घ्यावीत. सरकारने दर बदलला की ही तपासणी त्याच दिवशी पुन्हा करावी.

मंडळी, दारावर माल विकताना आपण तराजूचा काटा आधी बघतो. तसाच ऑनलाइन दुकानाचाही काटा बघायचा, आणि मगच दुकान उघडायचं.