मस्टरवरचा सेंटर फॉरवर्ड



आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात खेळाडूचं नाव विचारलं तर शाळकरी पोरही शार्दूल ठाकूर म्हणून मोकळं होईल. खांद्यावर किट टाकून पालघरहून गाडीने मुंबई गाठणाऱ्या त्या मुलाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तेव्हा ती मी पुन्हा सांगत बसत नाही. मी बोलणार आहे नेव्हिल डिसोझाबद्दल. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा हा पहिला आशियाई खेळाडू. खेळला मुंबईत, नाव झालं मेलबर्नला. फुटबॉलचं वेड असलेली माणसं सोडली तर आज त्याची ओळख सांगावी लागते.

तारीख १ डिसेंबर १९५६. मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्कवर भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, उपउपांत्य सामना. आपला हा पहिलाच सामना होता. आधीची फेरी हंगेरीशी होती, पण बुडापेस्टात रशियन रणगाडे घुसले होते आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. समोर यजमान, मैदान त्यांचं, प्रेक्षकही त्यांचे. त्यांच्या लेखी आपण म्हणजे काल-परवापर्यंत अनवाणी खेळणारी माणसं. त्यात खोटं काही नव्हतं. १९५२ साली हेलसिंकीला आपले बरेच खेळाडू अनवाणी उतरले होते आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. त्यानंतरच बूट सक्तीचे झाले.

नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्याला पुन्हा नेव्हिल, एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. आता यजमान जोर धरणार असं वाटत असतानाच पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल पडला, आणि ही आघाडी मात्र टिकली. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा मारला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. हे ऐंशीवं मिनिट लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे त्या काळी सामने सत्तर मिनिटांचे असत. म्हणजे एरवी जेव्हा आंघोळ करून घरी निघायची वेळ, तेव्हा ही माणसं गोल मारत होती. त्याचं श्रेय प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचं. रहीमसाहेबांवर अलीकडे, २०२४ साली, ‘मैदान’ नावाचा सिनेमाही आला.

तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाने त्याच प्रतिस्पर्ध्यावर आघाडी घ्यावी! ती टिकली दोन मिनिटं. चौपन्नाव्याला बरोबरी, सत्तावन्नाव्याला ते पुढे आणि शेवटी ४-१. त्यांचा चौथा गोल तर आपल्याच खेळाडूकडून झालेला स्वयंगोल. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. चौथा क्रमांक. पदक नाही. ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉलची सर्वोत्तम कामगिरी अजूनही तीच आहे. चार गोल करून नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता. त्याच्या जोडीला युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव.

आता गंमत बघा. नेव्हिलचा जन्म १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. मेलबर्नला तो भारताच्या जर्सीत गोल मारत होता तेव्हा त्याचं आसगाव भारतात नव्हतंच. तिथे अजून पोर्तुगिजांचा अंमल होता. आदल्याच वर्षी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, सरहद्द बंद होती, आणि गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षं होती. गोव्याचा माणूस पोटापाण्यासाठी मुंबईला यायचा, धोबीतलावाच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कुडा’त, म्हणजे सामायिक खोल्यांत, पथारी टाकायचा आणि बोटीवर, बँडमध्ये नाही तर कंपनीत काम शोधायचा. मुंबईचं फुटबॉल याच वस्त्यांनी पोसलं.

पण नुसत्या वस्तीने सेंटर फॉरवर्ड तयार होत नाही. त्याला पगार लागतो. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला आणि पुढे काल्टेक्सकडून. १९५८ चा रोव्हर्स चषक काल्टेक्सने जिंकला. एका तेल कंपनीने! आज ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण तेव्हाच्या मुंबईत टाटा, काल्टेक्स, रेल्वे, गिरण्या, बँका अशा सगळ्यांचे संघ होते. खेळाडू कंपनीच्या मस्टरवर. सकाळी टेबल किंवा यंत्र सांभाळायचं, दुपारी साहेबाने सोडलं की कूपरेजचं मैदान. पावसाळ्यात तिथला चिखल घोट्यापर्यंत. चेंडू कातडी, त्याच्या तोंडाला वादी. ओला झाला की धोंड्यासारखा जड, आणि डोक्याने मारताना नेमकी वादी कपाळावर आली की वळ उठलाच. असल्या चेंडूवर तयार झालेला माणूस मेलबर्नच्या कोरड्या मैदानावर गेला, तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असेल, असा माझा आपला अंदाज.

हे मस्टरचं फुटबॉल काही मुंबईने शोधलेलं नाही. इंग्लंडमध्ये ते आधीपासून होतं. मँचेस्टर युनायटेड जन्माला आलं ते रेल्वेच्या कारखान्यातल्या कामगारांच्या संघातून. इंग्लंडमधला पहिल्या पिढीतला सर्वात गाजलेला गोल मारणारा म्हणजे स्टीव्ह ब्लूमर. लोहाराचा मुलगा, स्वतःही घण मारून आलेला. डर्बी काउंटी आणि मिडल्सब्रो या दोन संघांकडून लीगमध्ये ३५२ गोल. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८. म्हणजे सामन्यागणिक एकाहून जास्त! अंगाने किरकोळ, चेहऱ्याने फिकट. पगाराचं म्हणाल तर १९०१ पासून इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये नियमच केला होता की कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला चार पौंडांच्या वर द्यायचे नाहीत. १९१४ ला खेळणं थांबवून तो बर्लिनला प्रशिक्षक म्हणून गेला. तीन आठवड्यांत महायुद्ध पेटलं आणि स्वारी रूलेबेनच्या बंदिछावणीत. तिथेही त्याने खेळ सोडला नाही. सुटल्यावर स्पेनला गेला, इरुन गावच्या रेआल उनियोन संघाला १९२४ चा राजाचा चषक जिंकून दिला. डर्बीचे लोक त्याला अजून विसरलेले नाहीत. त्याचा अर्धपुतळा त्यांच्या मैदानात आहे आणि सामन्याआधी त्याच्या नावाचं गाणं वाजतं.

नेव्हिलच्या वाट्याला असलं काही आलं नाही. १९८० च्या मार्चमध्ये, पन्नाशीच्या आतच तो गेला. त्याचा भाऊ डेरेक, तोही भारताकडून खेळलेला. काल्टेक्सचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७८ मध्ये ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. १८९१ पासून चाललेला रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. गिरण्यांचं काय झालं ते मी सांगायला नको.

आणि आता आपल्याकडे या. तारापूरची औद्योगिक वसाहत घ्या. औषधं, रसायनं, कापड, पोलाद, काय नाही तिथे? शेजारी अणुवीज केंद्र, ते तर १९६९ पासून चालू. खाली वसईच्या गावांत फुटबॉल आहे, चर्चच्या पटांगणात पोरं खेळतात. जव्हार-विक्रमगडकडची पोरं तर अशी पळतात की बघत राहावं. कारखाने आहेत, पाय आहेत. नाही ते मस्टर. बहुतेक पोरं ठेकेदाराच्या हजेरीवर. बारा तासांची पाळी केली की चेंडूकडे बघायचंही त्राण उरत नाही, आणि एक खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी गेटवर दुसराच उभा. काही कंपन्या वर्षाकाठी टेनिस चेंडूच्या क्रिकेटची स्पर्धा भरवतात, टी-शर्ट वाटतात, फोटो काढतात. वाईट नाही. पण त्यातून नेव्हिल निघत नसतो. नेव्हिलला कायम नोकरी होती की नव्हती यापेक्षा, सरावासाठी दुपारी सोडणारं कुणी होतं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

तारापूरचे कारखानदार, व्यवस्थापक कुणी ऐकत असतील तर त्यांच्यासाठी हिशेब अगदी सोपा आहे. प्रत्येक कंपनीने अकरा-बारा पोरं घ्यायची, आठवड्यातून दोनदा तीन वाजता सोडायची, खाडा मांडायचा नाही. दिवाळीनंतर भात कापून शेतं मोकळी होतात, मैदानाचाही प्रश्न येत नाही. दहा कंपन्या तयार झाल्या की लीग उभी राहते. मुंबईत याहून वेगळं काही केलं नव्हतं.