दुखरा गुडघा आणि चालता माणूस

चाळिशी उलटली की डोळ्यांवर चाळिशी चढते, आणि साठी जवळ आली की गुडघे कुरकुरू लागतात. डोळ्यांच्या तक्रारीने आपण फारसे खचत नाही. चष्मा लावतो आणि वाचन पुढे चालू ठेवतो. गुडघ्याचे मात्र उलट होते. गुडघा दुखू लागला की आपण पहिली गोष्ट करतो ती ही की, चालणेच बंद करतो. "आता वाटी झिजली, वंगण संपलं; जितकं चालाल तितकी झीज वाढायची," असे कुणीतरी सांगितलेले असते, आणि ते मनाला पटतेही. घरातली माणसे मायेने म्हणतात, "आजी, तुम्ही बसा, आम्ही आणून देतो." आजी बसतात. मग काही महिन्यांनी देवळाची पायरी सुटते, वर्षभरात जिना सुटतो, आणि पुढे उंबरठाही सुटतो. हे सारे झिजेमुळे घडले की बसून राहिल्यामुळे, हा प्रश्न आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे.

या दुखण्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो. पण संधिवाताचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि त्यांतला हा सर्वांत जास्त आढळणारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख माणसांना हा विकार होता, आणि त्यांपैकी सुमारे ३६ कोटी ५० लाखांचा गुडघा दुखावलेला होता. रुग्णांत बायकांचे प्रमाण शेकडा ६० पडते. म्हणजे हे दुखणे कुणा एकाचे नाही, घरोघरचे आहे.

आता त्या 'वंगणा'चे बघू. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. मज्जातंतूच नाहीत, तेव्हा कूर्चा स्वतः दुखू शकत नाही. दुखते ते भोवतालचे: कूर्चेखालचे हाड, सांध्याचे आतले अस्तर, बंध आणि ओढले गेलेले स्नायू. आणि रक्तवाहिन्या नाहीत, तेव्हा कूर्चेला पोषण कुठून मिळते? सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते, उचलले की मोकळी होते. पाण्यात धरलेला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसाच हा प्रकार. तेव्हा हालचाल ही कूर्चेची वैरीण नव्हे. बेताने केली तर ती तिचे पोट भरते. गुडघा म्हणजे गाडीच्या चाकाचा आस नव्हे की जो फिरेल तितका झिजतच जाईल.

दुसरा गैरसमज एक्स-रेचा. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधील दोघा संशोधकांनी एक्स-रे पाहून झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवून दिल्या. त्या अजूनही वापरतात. पण पुढे असे दिसून आले की, फोटोतली झीज आणि माणसाची वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. कुणाचा फोटो भयंकर दिसतो आणि माणूस बाजारहाट करून येतो. कुणाचा फोटो बरा असतो आणि माणूस जिन्यात थांबून कण्हतो. म्हणून फोटो पाहून धीर सोडण्याचे कारण नाही.

मग औषधाचा गुण आला की नाही, हे ठरवायचे कशावरून? १९८२ साली कॅनडात निकोलस बेलामी यांनी यासाठी एक प्रश्नावली सिद्ध केली. वेस्टर्न ओंटारिओ आणि मॅक्मास्टर या विद्यापीठांच्या नावांवरून तिला 'वोमॅक' म्हणतात. तिच्यात २४ प्रश्न आहेत. पाच दुखण्याविषयी, दोन सांधा आखडण्याविषयी, आणि उरलेले तब्बल १७ प्रश्न आहेत ते रोजच्या कामांविषयी: जिना उतरता येतो का, खाली वाकता येते का, बिछान्यातून उठता येते का, घरकाम होते का. म्हणजे 'किती दुखते?' हा प्रश्न जितका खरा, तितकाच 'काय करता येते?' हाही खरा. मूळ प्रश्नावलीत मोटारीत बसण्या-उतरण्याविषयी आणि पायमोजे चढवण्याविषयीही विचारले आहे. आपल्याकडच्या कित्येक आजींना या प्रश्नांचा काय उपयोग? पुण्यातील सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीझेस या संस्थेतल्या तज्ज्ञांनी आपल्या राहणीप्रमाणे तिच्यात फेरफार केले, आणि उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे यांसारख्या गोष्टींना जागा दिली. पंगतीला पाटावर बसता येणे हीदेखील आरोग्याची मोजणी आहे, हे त्यातून मान्य झाले.

ही मोजपट्टी हाती आल्यावर भल्याभल्या उपायांची परीक्षा झाली. त्यांतल्या काहींचे निकाल ऐकण्यासारखे आहेत.

अमेरिकेत एके काळी दुर्बिणीने गुडघा आतून धुऊन-खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया फार चाले. रोगी सांगत, बरे वाटले. ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात १८० रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि २००२ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. काहींचा गुडघा खरोखर खरवडला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींच्या कातडीवर केवळ छेद घेऊन टाके घातले. आत काहीही केले नाही. कुणावर काय केले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते; अशा प्रयोगात आपण भाग घेत आहोत, याला त्यांनी आधी लेखी संमती दिली होती. दोन वर्षे पाठपुरावा केला. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना खोटी झालेल्यांपेक्षा दुखणे कमी नव्हते, आणि त्यांचे चालणे-चढणेही अधिक चांगले नव्हते.

गोळ्यांचीही तीच गत. ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन या 'कूर्चा भरून काढणाऱ्या' म्हणून खपणाऱ्या औषधांची परीक्षा १,५८३ रुग्णांवर झाली. निकाल २००६ साली आला. सहा महिन्यांच्या सुमारास दुखणे एक-पंचमांश तरी कमी झाले, तर गुण आला असे धरायचे ठरले होते. या औषधांनी शेकडा ६४ ते ६७ जणांना गुण आला. वाचून वाटेल, वा! पण ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली होती, त्यांतही शेकडा ६० जणांना गुण आलाच होता. मधला फरक इतका थोडा की, सर्व रुग्ण एकत्र धरता तो औषधाचा म्हणता येईना. फार दुखणाऱ्यांच्या एका लहान गटात दोन्ही औषधे मिळून काही लाभ दिसला, एवढेच.

हे शेकडा ६० लोक खोटे बोलत होते का? मुळीच नाही. गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. आपण दवाखान्याची पायरी चढतो ती भरतीच्या वेळी, सहनच होईना तेव्हा. पुढे ओहोटी लागणारच असते. त्या वेळी जे तेल, जी गोळी, जो पट्टा हाती असेल, त्याला श्रेय मिळते. शिवाय आपली कुणी काळजी घेत आहे, या भावनेनेही वेदना हलकी होते. म्हणून 'अमक्याला गुण आला' एवढ्यावर महागडे उपाय घेत सुटू नये.

इंजेक्शनाचे काय? स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, हे खरे. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० रुग्णांना दोन वर्षे, दर तीन महिन्यांनी, एका गटाला स्टेरॉइड आणि दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी टोचले. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता. उलट स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा अधिक पातळ झाली होती. अडीनडीला एखादे इंजेक्शन ही निराळी गोष्ट. त्याचा रतीब लावू नये.

आता चालण्याकडे वळू. १९९७ साली अमेरिकेत ४३९ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे साठीचे आणि साठीपुढचे, सगळ्यांचे गुडघे दुखरे. एका गटाला चालायला लावले, दुसऱ्याला स्नायू बळकट करण्याचा व्यायाम दिला, तिसऱ्याला केवळ आरोग्याची माहिती सांगितली. दीड वर्षाने व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत दुखणे आणि अडचण ही तिसऱ्या गटापेक्षा शेकडा आठ ते बाराने कमी भरली. हा फरक जादूचा नाही, माफकच आहे. पण महत्त्वाचे पुढेच आहे. दीड वर्ष चाललेल्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे न चाललेल्यांच्यापेक्षा वाईट नव्हते. 'चालाल तर झिजाल' या भीतीला याहून चोख उत्तर कोणते?

२०२० साली अमेरिकेच्या सैनिकी रुग्णालयांतून १५६ रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला. अर्ध्यांना स्टेरॉइडची इंजेक्शने, अर्ध्यांना फिजिओथेरपी. वर्षाने वोमॅकची बेरीज मांडली. २४० पैकी जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त. इंजेक्शनवाले ५६च्या आसपास, व्यायामवाले ३७ वर.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डेन्मार्कमध्ये २०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली छापून आलेल्या अभ्यासात आठ आठवड्यांचा व्यायाम आणि गुडघ्यात टोचलेले नुसते मिठाचे पाणी यांचा निकाल जवळजवळ सारखाच लागला. आणि तेसुद्धा, हे मिठाचेच पाणी आहे, असे रुग्णांना सांगून! तेव्हा दोन महिन्यांत चमत्कार होईल, अशी आशा धरून व्यायामाला लागू नका. त्याचा हिशेब वर्षाचा आहे, आणि तो 'किती दुखले' यापेक्षा 'किती चाललो' यावर ठेवायचा आहे. शिवाय चालण्याने हृदय, रक्तदाब, साखर आणि झोप यांचे भले होते, ते मिठाच्या पाण्याने व्हायचे नाही.

वजनाचा हिशेब तर सोपा आहे. २००५ साली संशोधकांनी मोजून दाखवले की, अंगावरचे एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४५४ जाड्या माणसांच्या अभ्यासात ज्यांनी आहार बेताचा केला आणि व्यायामही केला, त्यांचे वजन दीड वर्षात सरासरी १०.६ किलोंनी उतरले आणि दुखणे जवळजवळ निम्म्यावर आले. नुसता आहार किंवा नुसता व्यायाम यांना इतके यश आले नाही. दोन्ही हातांनी टाळी वाजते, ती अशी.

शस्त्रक्रियेविषयी दोन शब्द. गुडघा बदलणे हा मोठा आणि खरा उपाय आहे. डेन्मार्कमधल्या शंभर रुग्णांच्या २०१५ सालच्या अभ्यासात गुडघा बदललेल्यांना वर्षाअखेर दुसऱ्या गटापेक्षा दुप्पट लाभ झाला. पण गंभीर त्रासही त्यांच्यातच अधिक, २४ विरुद्ध ६. आणि शस्त्रक्रियेऐवजी व्यायाम, आहार आणि औषधे घेणाऱ्या ५० जणांपैकी ३७ जणांना त्या वर्षात शस्त्रक्रियेची गरजच वाटली नाही. तेव्हा ती शेवटची पायरी ठेवावी. पण वेळ आली तर भिऊही नये.

मग उद्या सकाळी करायचे काय? भक्कम खुर्चीवर बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडीचा पुढचा स्नायू आवळा, पाच अंक मोजा, खाली घ्या. असे दहा वेळा. मग दुसरा पाय. नंतर हातांचा आधार न घेता, जमत नसेल तर घेऊन, खुर्चीवरून पाच-दहा वेळा उठा आणि बसा. मग सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे चाला. आज दहा मिनिटे, पंधरवड्याने पंधरा. आरंभी दुखणे थोडे वाढेल, घाबरू नका. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत शमले, तर बेत बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर बेत कमी करा, बंद करू नका. काठी घेण्यात कमीपणा नाही. ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरा. पोटात गोळी घेण्यापूर्वी वेदनाशामक मलम लावून पाहा. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ साली हाच क्रम सांगितला आहे. वेदनाशामक गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना बाधतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या महिनोन्‌महिने चालवू नका. आणि गुडघा एकाएकी सुजून लाल व गरम झाला, ताप आला, किंवा पडल्यानंतर पाय टेकवेना, तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा.

घरातल्या तरुण मंडळींना एवढेच सांगणे आहे. आजी-आजोबांना पाण्याचा तांब्या हातात आणून देणे ही माया खरी; पण संध्याकाळी त्यांच्या पावलाला पाऊल लावून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणे, ही अधिक मोठी सेवा. झिजलेली कूर्चा परत आणून देणारे औषध आज कुणाकडे नाही. मांडीतले बळ मात्र सत्तरीतही वाढवता येते, आणि ते वाढवणे आपल्या हाती आहे.