पदवीनंतर कायदा शिकायचाय? आधी काम ठरवा



छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बीकॉम, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलेली मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, आमची पदवी कायद्याची नाही. आता थेट एलएलएम करता येईल का?" नाही येणार. एलएलएमच्या आधी एलएलबी हवीच. पण कायदा शिकण्याचे रस्ते एकाहून जास्त आहेत आणि ते वेगवेगळ्या कामांकडे जातात. म्हणून अभ्यासक्रमाचं नाव शोधण्याआधी एक ठरवा : शिकून झाल्यावर रोज कोणतं काम करायला आवडेल?

कोर्टात उभं राहून वकिली करायची असेल, तर पदवीनंतरची तीन वर्षांची एलएलबी हाच रस्ता. पदवी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के, इतर मागासवर्गीयांना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची विधी सीईटी द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते, त्यामुळे इंग्रजीच्या धास्तीनं मागे हटू नका.

आता नोकरी करणाऱ्यांनी नीट ऐका. एलएलबी दूरस्थ पद्धतीनं होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते. "हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या," असं कुणी सांगितलं, तर तिथे फी भरू नका. कंपनीतली शिफ्ट आणि कॉलेजची वेळ यांचा मेळ बसतो का, हे प्रवेशाआधी कागदावर मांडून बघा. एलएलबीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा हे टप्पे आहेत. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिलीची सनद एकत्र चालत नाहीत. तेव्हा "नोकरी करता करता वकिली करू" हा हिशेब मनातून काढून टाका.

दुसरा रस्ता कारखान्यातला, म्हणजे एचआर विभागातल्या कामगार कायद्याच्या कामाचा. एखाद्या कामगाराला आरोपपत्र दिलं जातं. चौकशी अधिकारी टेबलापलीकडे बसतो. कंपनीचा साक्षीदार बोलतो आणि एचआर विभागातला पोरगा कामकाज लिहून घेतो. कामगाराला उलटतपासणीची संधीच दिली नाही, तर ती चौकशी पुढे न्यायालयात टिकत नाही. तिथे कामगाराच्या रोजीरोटीचा प्रश्न असतो, म्हणून लिहिणाऱ्याला कायदा कळलाच पाहिजे. अशा कामासाठी सनद लागत नाही. परळची नारायण मेघाजी लोखंडे श्रमविज्ञान संस्था कोणत्याही शाखेच्या पदवीधराला श्रमशास्त्राची पदव्युत्तर पदवी देते.  पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी कामगार कायदा आणि करकायदा यांच्या पदविका आहेत. या पदव्या-पदविकांवर वकिली करता येत नाही, पण कामाला त्या भक्कम आधार देतात.

या क्षेत्राची गरज वाढते आहे. 29 कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. जुन्या कारखाना कायद्यात 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावा लागे, नव्या संहितेत तो आकडा 250 आहे. वाळूजसारख्या वसाहतीत याचा अर्थ काय होतो, हे तुम्हीच ओळखा. मात्र शिकताना पुस्तक नव्या कायद्याचं आहे ना, हे तपासून घ्या.

तिसरा रस्ता इंजिनिअर आणि विज्ञान पदवीधरांचा. नव्या सुट्या भागाचा आराखडा तयार करणाऱ्या माणसाला त्याचं पेटंट कसं मागायचं, हे सांगणारा माणूस हवा असतो. पेटंट एजंटची परीक्षा द्यायला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी पुरते, एलएलबीची अट नाही. आणि पूर्ण कायदाच शिकायचा असेल, तर आयआयटी खरगपूरला बौद्धिक संपदेवर भर देणारी तीन वर्षांची एलएलबी इंजिनिअरांसाठी आहे.

राहिला एलएलएमचा प्रश्न. हा अभ्यासक्रम एलएलबीनंतरचा. ज्यांना शिकवायचं आहे, संशोधन करायचं आहे किंवा एका विषयात खोल जायचं आहे, त्यांनी जरूर करावा. आपल्या शहरातल्या कांचनवाडीतच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथल्या एलएलएमसाठी क्लॅट ही परीक्षा द्यावी लागते. पण केवळ नावापुढे आणखी एक पदवी हवी म्हणून वर्ष आणि पैसे घालवू नका.

शेवटी तीन गोष्टी सांगतो. एक, कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का, हे स्वतः यादीत पाहा. जाहिरातीवर विसंबू नका. दोन, सनद मिळते की फक्त ज्ञान मिळतं, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. तीन, एक दिवस सुटी टाका आणि शहरातल्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी सहसा सर्वांसाठी खुली असते. वकील दिवसभर काय करतो, ते डोळ्यांनी बघा. ते काम मनाला भावलं, तर घरच्यांशी बोला आणि सीईटीच्या तयारीला लागा. वय तिशीच्या पुढे गेलं असलं, तरी बिचकू नका.