नेतृत्व पदाचे नव्हे, प्रसंगाचे

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले. कर्तव्यावरील परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारे बंद करून २० गर्भवतींना पॅन्ट्रीच्या लहानशा खोलीत हलविले. त्यांतील एकीला प्रसववेदना सुरू होताच भिंतीच्या आडोशाने तिला प्रसूतिकक्षात पोहोचविले. तेथे प्रसूती सुखरूप झाली. वॉर्डात निर्णय परिचारिकेचा, प्रसूतिकक्षात डॉक्टरांचा. नेतृत्व योग्य वेळी योग्य हाती गेले, म्हणून माता व बालक बचावले.

अंधेरी असो वा मुलुंड, रात्रपाळीस रुग्णाच्या उशाशी प्रथम परिचारिकाच उभी असते. तिचा इशारा डॉक्टरांनी आदराने ऐकावा. रुग्णसेवेस दान देणाऱ्या समाजाने यंत्रसामग्रीबरोबरच तिच्या प्रशिक्षणासही हातभार लावावा. त्यातच दानाचे खरे सार्थक आहे.