बारा इंजेक्शनांनंतरचे दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हार्मोन हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो. सणासुदीला पाळी पुढे ढकलायची गोळी, पाळणा लांबवायची गोळी, मूल होण्यासाठी घ्यायची इंजेक्शने, या सगळ्यांत संप्रेरकेच असतात. बहुतेक उपचारांत औषध जिच्या अंगात जाते, तिलाच त्याचा फायदा व्हायचा असतो. एक उपचार मात्र असा आहे, की औषध एकीला आणि मूल दुसरीला. त्याला स्त्रीबीजदान म्हणतात. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

हे बोलताना माझ्या डोळ्यांपुढे साकीनाक्यासारख्या वस्तीतल्या बायका आहेत. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आजूबाजूला शिलाईचे, प्लास्टिकचे, पॅकिंगचे गाळे आहेत. तिथे रोजावर काम करणाऱ्या बाईचा एक खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. अशा बाईला कुणी ओळखीतली सांगते, ‘दहा-बारा इंजेक्शनं घ्यायची, मग अर्धा तास झोपायचं, की झालं. पैसे मिळतात.’ हे सांगणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आपण समजून घेऊ.

दर महिन्याला बाईच्या बीजकोशात अनेक बीजे वाढू लागतात. पण मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी त्यांना चालना देणारे संप्रेरक मोजूनमापून सोडते. त्यामुळे साधारणपणे एकच बीज पूर्ण पिकते, बाकीची सुकून जातात. हेच संप्रेरक बाहेरून इंजेक्शनाने जास्त दिले, की सुकून जाणारी बीजेही वाढू लागतात. एकाऐवजी दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त. पूर्वी हे संप्रेरक पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढत. आता ते प्रयोगशाळेतही तयार होते.

इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, ते नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजापासून. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुसरे बाळ जन्मले. त्यांनी संप्रेरके देऊन बीजकोशाला चालना दिली होती. हयातीत त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. पुढे आपल्या मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. मुखर्जींचे काम खरे होते, हे जगाला पटवून देण्यासाठी नंतर याच आनंदकुमारांनी पुढाकार घेतला. या विद्येने असंख्य घरांत पाळणा हलला, याबद्दल कुणाच्या मनात शंका नको.

आता बीज देणाऱ्या बाईकडे वळू. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिला रोज इंजेक्शन सुरू होते. मधूनमधून सोनोग्राफी होते. बीजे पुरेशी वाढली, की ती पिकवण्यासाठी शेवटचे एक इंजेक्शन देतात आणि सुमारे ३५ तासांनी, भूल देऊन, योनिमार्गातून सुई घालून बीजे काढतात. त्याच दिवशी बाई घरी जाते. बहुतेकींना दोन-चार दिवस पोट जड वाटते आणि मग बरे वाटते.

थोड्या जणींच्या बाबतीत मात्र गोष्ट इथे संपत नाही. बीजकोश फाजील सुजतात. रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपून पोटात आणि कधी छातीत साठते. रक्त दाट होते, त्यात गुठळ्या होण्याची भीती असते, मूत्रपिंडांवर ताण येतो. तरुण, सडपातळ आणि बीजकोशात बारीक गाठी असणाऱ्या बायकांना हा धोका अधिक. शेवटचे इंजेक्शन वेगळ्या प्रकारचे निवडले तर तो बराच कमी करता येतो. म्हणून ‘मला शेवटचं इंजेक्शन कोणतं देणार?’ हा प्रश्न बाईने जरूर विचारावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. हा त्रास बहुधा शेवटच्या इंजेक्शनानंतर तीन ते सात दिवसांत दिसतो. म्हणजे तोवर बाई मशीनवर परत बसलेली असते. पोट फुगते, उलट्या होतात. ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाते आणि ‘पोटात गॅस झालाय’ एवढेच सांगते. घरी कुणाला ठाऊक नसते, म्हणून डॉक्टरांनाही सांगत नाही. डॉक्टर गॅसची गोळी देतात. त्यांनी तरी दुसरे काय करावे? त्यांना कळायला मार्ग नाही. चूक कुणाचीच दिसत नाही आणि बाई मात्र धोक्यात जाते.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईत एका १७ वर्षांच्या मुलीचा, बीज काढल्यानंतर दोन दिवसांनी मृत्यू झाला. हे प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेले. मृत्यूचा वाद बाजूला ठेवला, तरी तिचे वय डोळ्यांत खुपते. बीज देणारी बाई किमान १८ वर्षांची असावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत होते. पण ती तत्त्वेच होती, त्यांना कायद्याचे बळ नव्हते.

ते बळ सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने आले. तो जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार बीज देणारीचे वय २३ ते ३५ असावे लागते. तिला आयुष्यात एकदाच बीज देता येते आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. तिची लेखी संमती हवी. मूल हवे असलेल्या जोडप्याने तिचा १२ महिन्यांचा विमा उतरवायचा असतो. बीजाची विक्री हा गुन्हा आहे. तेव्हा ‘पुन्हा एकदा कर, नाव दुसरं लावू’ असे म्हणणारा माणूस कायदा मोडायला सांगतो आहे, हे ओळखावे.

कायदा पुस्तकात असतो, पोट मात्र बाईचे दुखते. म्हणून दोन-चार गोष्टी गाठीला बांधा. संमतीचा कागद वाचता येत नसेल तर वाचून घ्या आणि मगच सही करा. कोणती इंजेक्शने दिली, किती बीजे काढली, हे लिहिलेला कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. विम्याचे कागदही मागा. घरी पोचल्यावर पोट झपाट्याने फुगले, दिवसात किलोभर वजन वाढले, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. राजावाडी किंवा कूपरसारख्या मोठ्या रुग्णालयात जा आणि तो कागद दाखवा. नवऱ्याला, सासूला सांगायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. डॉक्टरांपासून मात्र लपवू नका.

आणि वस्तीतल्या डॉक्टरमित्रांनाही एक विनंती. तरुण बाई फुगलेले पोट घेऊन आली, तर गेल्या पंधरवड्यात काही इंजेक्शने घेतली का, एवढे एकांतात विचारा. आवाजात राग नको, नाहीतर खरे उत्तर मिळणार नाही.